शनिवारी मी परळला असते

प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, ५ दिवस टिकतात. बास, पाचच. रक्ताची पिशवी नीट फ्रिजमधे ठेवली तर ३५ ते ४२ दिवस चालते, प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण प्लेटलेट्स फ्रिजमधेही चालत नाहीत, त्या २० ते २४ डिग्रीला एका सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवस झाले की टाकून द्याव्या लागतात. त्यामुळे मार्चमधे मोठं शिबिर घेतलं आणि एप्रिलची सोय झाली असं काही होत नाही. कॅन्सरच्या ज्या मुलाला शुक्रवारी लागणार त्याच्यासाठी त्याच आठवड्यात कुणीतरी येऊन खुर्चीत बसायला लागतं. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे म्हणून इथूनच सुरुवात केली, नाहीतर "तुम्ही नक्की करता काय" असं कुणी विचारलं आणि मी समाजसेवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ब्लँकेट वाटप येतं, फोटोसकट.

मी प्लेटलेट्स देणाऱ्या डोनरना फोन करते. आठवडाभर घरून फोन आणि शनिवारी मुंबईत परळला, हॉस्पिटलांच्या भागात, प्रत्यक्ष. कुणाला कधी यायचंय, कुणाचं वजन ५० च्या वर आहे, कुणी गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलीये, कुणाचा उपवास आहे. उपवासाचा प्रश्न तुम्हाला गंमत वाटेल पण आमच्या अर्ध्या कटकटी तिथेच असतात, उपाशीपोटी डोनेट करता येत नाही आणि आमचे सगळ्यात भरवशाचे डोनर नेमके संकष्टी, एकादशी, सोमवार सगळं पाळणारे. श्रावणात तर मी कालनिर्णय समोर ठेवूनच फोन लावते.

तर माझी मुलगी गेली. एएलएल म्हणजे मुलांमधे सगळ्यात जास्त होणारा रक्ताचा कॅन्सर. आठ वर्षांची होती तेव्हा कळलं, दहा पूर्ण व्हायच्या आत गेली. नाव इथे लिहिणार नाही, ते घरातच राहू दे. पावसाळ्याचे दिवस होते, ताप येत होता जात होता, पायावर निळे-काळे डाग, आम्हाला वाटलं शाळेत पडली असेल कुठेतरी, मग दात घासताना हिरड्यांतून रक्त. काउंट केला तर प्लेटलेट्स कमी, डेंग्यू असणार असं सगळेच म्हणाले कारण त्या वर्षी बिल्डिंगमधे तीन जणांना डेंग्यू झाला होता, तो निगेटिव्ह आला आणि मग आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टकडे बघून जो आवाज काढला त्यावरून मला कळलं की आता वेगळं काहीतरी आहे.

या आजाराची ट्रीटमेंट साधारण दोन ते अडीच वर्षं चालते. आधी जोरदार किमो, मग थोडी हलकी, मग मेंटेनन्स, त्यात मुलं शाळेतपण जायला लागतात. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आपल्याकडेही चांगल्या ठिकाणी वेळेत पोचलेल्यांपैकी बरीच होतात, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण हे वाचणाऱ्या एखाद्या आईच्या हातात आत्ता तो रिपोर्ट असेल. तुमचं मूल बरं होण्याची शक्यता चांगली आहे. आमचीही चांगलीच होती. मेंटेनन्समधे असताना रीलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला, परत किमो, त्यात पांढऱ्या पेशी संपल्या आणि इन्फेक्शन झालं. याहून जास्त त्याबद्दल लिहायचं नाहीये.

प्लेटलेट्सचा संबंध असा की किमो कॅन्सरच्या पेशी मारते तशी बोन मॅरोचं, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथलं कामही थांबवते. माणसाचा नॉर्मल काउंट दीड लाख ते साडेचार लाख, या मुलांचा दहा हजाराच्या खाली जातो, आणि मग आपोआप आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो म्हणून बाहेरून द्यावं लागतं. एका डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्सना एसडीपी म्हणतात, त्या एका पिशवीत साध्या रक्तदानाच्या पाच-सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट्स असतात. तासभर, कधी दीड तास लागतो. मशीन रक्त घेतं, गरगर फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त तुम्हाला परत देतं. ओठांना मुंग्या येतात थोड्या, रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने शरीरातलं कॅल्शियम तात्पुरतं खाली येतं म्हणून, गोळी देतात, बरं वाटतं. शरीरात त्या काही दिवसांत परत तयार होतात. नियमाने ४८ तासांनी परत देता येतं, आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा नाही, वर्षात २४ वेळा. साधं रक्तदान मात्र पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी. हा फरक शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतो, "मी जानेवारीत दिलंय हो, आता एप्रिलमधे बघू" असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. (साधं रक्त दिल्यावर मात्र एसडीपीसाठी थांबावं लागतं, ते ब्लड बँक सांगते, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही.)

आमची पोर बी पॉझिटिव्ह. म्हणजे सापडायला सोपी, आपल्याकडे भरपूर लोक बी पॉझिटिव्ह असतात. तरी नाकी नऊ आले. पहिल्या आठवड्यात दीर, मामा, ऑफिसमधले सगळे धावत आले, दुसऱ्या महिन्यात फोन करताना आपल्यालाच लाज वाटायला लागते. तेव्हा नवऱ्याने एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्याच्या कंपनीतले, आमच्या सोसायटीतले, माझ्या शाळेतल्या शिक्षकांचे नवरे-भाऊ वगैरे. ग्रुप चांगला चालला. कुणीतरी गुड मॉर्निंगची फुलं टाकली की नवरा डिलीट करायला लावायचा.

ती गेल्यावर तो ग्रुप तसाच राहिला. कुणी सोडला नाही. आपण ग्रुप सोडला हे दिसलं तर कसं वाटेल म्हणून असेल. आम्हीपण बंद केला नाही, कोण करणार आणि काय लिहून करणार. शेवटचा मेसेज एका डोनरचा होता की मी साडेनऊपर्यंत पोचतो. त्याच्याखाली काही महिने काहीच नाही.

त्या काही महिन्यांबद्दल थोडक्यात. नवरा तेरावं झाल्यावर ऑफिसला जायला लागला, मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मोठा मुलगा तेव्हा नववीत, त्याच्याकडे दोन वर्षं कुणाचं धड लक्ष नव्हतं आणि त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. लोक यायचे, बसायचे. काही चांगलं बोलायचे, काही बोलू नये ते बोलायचे. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" हे मला इतक्यांनी ऐकवलं की मी पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणू शकेन. एका नात्यातल्या बाईंनी गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत असेल, कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली आणि ते "असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी" म्हणाले आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. मला त्या बाईंचा इतका राग आला की मी उठून आत गेले. मी गाडगेबाबा नाही. मला एकीसाठीच रडायचं होतं, कोट्यानुकोटींशी माझा काय संबंध.

नंतर कामामुळे मला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बऱ्याचदा जावं लागलं. तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, अगदी कमी पैशांत, गावाकडून आलेली, ज्यांना मुंबईत कोणी नाही अशी. एकदा तिथल्या जिन्यात एक आजोबा नातवाला उचलून चढत होते आणि मला ते वाक्य आठवलं. वाक्य मला अजून पटत नाही. पण ते म्हणणारा माणूस रडणं थांबवून बसून राहिला नव्हता, धर्मशाळा बांधत सुटला होता, आणि लोक गोष्ट सांगताना फक्त वाक्य सांगतात, धर्मशाळा सांगत नाहीत.

असो. मूळ मुद्द्यावर. आमची मुलगी जिथे ॲडमिट होती (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही) तिथल्या समाजसेवा विभागातल्या मॅडमचा फोन आला. मला वाटलं कसं चाललंय वगैरे विचारायला केला असेल, तर त्या सरळ म्हणाल्या, तुमचा तो बी पॉझिटिव्हवाला ग्रुप अजून आहे का हो, बिहारहून एक कुटुंब आलंय, सहा वर्षांचा मुलगा, त्यांना इथे कुणी ओळखत नाही, वडील आणि आई दोघांचा रक्तगट वेगळा. मी म्हटलं बघते. त्या ग्रुपवर काय लिहायचं हे मला अर्धा तास सुचेना, शेवटी काही प्रस्तावना न करता फक्त लिहिलं की उद्या सकाळी परळला एक बी पॉझिटिव्ह एसडीपी लागणार आहे, लहान मुलासाठी. पाच मिनिटांत चार हात वर. मला वाटतं ते सगळे कधीपासून काहीतरी करायला मिळावं म्हणून वाट बघत होते, त्यांनाही आमच्यासमोर येऊन बोलायला जमत नव्हतं.

मला उद्देश वगैरे मिळाला तो असा. साक्षात्कार नाही काही. एका बाईने एक उपयोगाचा प्रश्न विचारला. तोपर्यंत सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होते, हळू आवाजात, आणि इथे कुणालातरी माझ्याकडून काम हवं होतं, तेही उद्या सकाळपर्यंत.

पुढे मी म्हटलं मी तिथे येऊन मदत करते, तर मॅडमनी नाही सांगितलं. वर्षभर तरी वॉर्डात यायचं नाही, घरून फोन करा. मला तेव्हा राग आला, वाटलं मला काय लहान समजतात का. आता दुसऱ्या आई-वडिलांना मी स्वतः तेच सांगते. आपल्याला वाटतं आपण मदत करायला चाललोय, आणि तिथे तोच सॅनिटायझरचा वास, तेच सलाईनचे स्टँड, टक्कल पडलेली तेवढीच पोरं, आपण कोपऱ्यात उभं राहून रडायला लागलो की त्या पोरांच्या आया आपल्याकडे बघून घाबरतात. त्यांना त्या क्षणी आपण म्हणजे त्यांचा शेवट दिसतो. त्यांना तो दाखवायचा आपल्याला काही अधिकार नाही.

मॅडमची दुसरी अट होती की आपली गोष्ट सांगायची नाही. कुणी विचारलं तरी आपण होऊन लांबण लावायचं नाही. ही अट सगळ्यात अवघड, कारण परळच्या फूटपाथवर आणि ओपीडीच्या बाकड्यावर पहिला प्रश्न हाच असतो, आपका कौन भरती है, तुमचं कोण आहे ॲडमिट. तिथे कुणी उगाच येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. माझ्या मुलीच्या वेळी लोकांनी मदत केली होती म्हणून येते. हे खरं आहे आणि यात पुढचा प्रश्न विचारायला फारशी जागा राहत नाही. बहुतेक जण होका म्हणून थांबतात.

बीड जिल्ह्यातली एक ताई मात्र थांबली नाही. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, पोरगा साताठ वर्षांचा. तिने विचारलं, "बरी झाली का मग लेक?" मी काहीतरी मान हलवली. तिने दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि सरळ म्हणाली, "गेली व्हय." मी हो म्हटलं. मला वाटलं आता ही रडणार, मला पोटाशी धरणार, आणि मग मीपण. ती म्हणाली, "बरं. आमच्याला शुक्रवारच्या आत डोनर लागतोय, तेवढं बघा." आणि पिशवीतून कागद काढून दिला. मला ती बाई फार आवडली.

बाकी परळबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण मुंबईतल्या लोकांनाही ते दिसत नाही, पुलावरून गाडी निघून जाते. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथे आहे, केईएम आहे, वाडिया आहे, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि देशभरातून लोक येतात, युपी, बिहार, बंगाल, झारखंड, आपले नांदेड, जळगाव, यवतमाळ. ट्रीटमेंटसाठी योजना असतात, ट्रस्टकडून पैसे मिळतात, धावपळ केली तर बरंच जमतं. पण राहायचं कुठे? मुलाच्या किमोचा आठवडा संपला की हॉस्पिटल घरी पाठवतं आणि घर असतं दीड हजार किलोमीटरवर. धर्मशाळा आहेत, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची सेंटर्स आहेत, ती २००६ मधे मुंबईत सुरू झाली, तिथे कुटुंबाला फुकट राहता येतं आणि आईला स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येतो. ही स्वयंपाकाची गोष्ट बाहेरच्याला छोटी वाटेल. किमोमधल्या पोराला तोंडाला चव नसते, ते फक्त आईच्या हातचं काहीतरी एकच खातं, आमची फक्त मऊभात आणि मेतकूट खायची, आणि तेही मीच कालवलेलं. सगळ्यांना तिथे जागा मिळत नाही. काही फूटपाथवर असतात, ताडपत्री बांधून, रिपोर्टची फाईल उशाशी घेऊन. अशा माणसाला कुणीतरी खिडकीतून सांगतं की दोन डोनर आणा. कुठून आणणार तो? मुंबईत त्याला फक्त चहावाला ओळखतो.

पूर्वी तर पैसे घेऊन रक्त देणारे मिळायचे, धंदाच होता तो, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला. चांगलंच झालं, पण मग ती जागा आपण भरायला पाहिजे ना. आपण काय करतो, नेत्याच्या वाढदिवसाला शिबिर घेतो, फ्लेक्स लावतो, येणाऱ्याला बॅग नाहीतर डबा देतो, एका दिवसात ढीगभर रक्त गोळा, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, अर्धी मुंबई गावाला, ब्लड बँका रिकाम्या. दिवाळीतही तेच. शिबिर घेणाऱ्यांवर माझा राग नाही, घ्या, पण साहेबांचा वाढदिवस मे मधे ढकलता आला तर बघा.

आमच्या मुलीचा वाढदिवस मे मधलाच आहे. म्हणून आता त्याच्या आसपासच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमधे शिबिर असतं, साधं रक्तदान, आणि ज्यांचं वजन आणि शिरा चांगल्या त्यांची नावं एसडीपीच्या यादीत. पहिल्या वर्षी सोसायटीतल्या मुलांनी प्रेमाने तिचा मोठा फोटो, वर "भावपूर्ण श्रद्धांजली" असा फ्लेक्स गेटवर लावला होता. मी सकाळी सात वाजता तो उतरवायला लावला. पोरं हिरमुसली. मला तिचा चेहरा पेट्रोल पंपासमोर नको होता, आणि वाढदिवसाला श्रद्धांजली हे शब्द तर अजिबातच नको. आता फक्त "रक्तदान शिबिर, सकाळी ९ ते २, नाश्ता करून या" एवढाच बोर्ड असतो. अनोळखी लोक येतात, देतात, बिस्किटं खातात, जातात, त्यांना कशासाठी आहे माहीतही नसतं, आणि मला ते जास्त बरं वाटतं.

नवरा परळला येत नाही. त्या स्टेशनवर उतरतच नाही, एकदा दादरला उतरून टॅक्सी करून लालबागला गेला होता राजाच्या दर्शनाला, पण परळ नाही. तो एक्सेल सांभाळतो. डोनरचं नाव, ग्रुप, वजन, शेवटचं डोनेशन, परत कधी चालेल, उपवासाचे वार (हा कॉलम माझ्या आग्रहाने). त्यात त्याने असे रंग भरलेत की विचारू नका, हिरवा म्हणजे देऊ शकणारा, पिवळा म्हणजे सध्या थांबलेला. रात्री जेवण झाल्यावर तो लॅपटॉप उघडून बसतो आणि मला विचारतो, "कांदिवलीच्या त्या डोनर मुलाचा ताप उतरला का, त्याला हिरवा करू का?" आम्ही दोघं तिच्याबद्दल कमी बोलतो. कांदिवलीच्या मुलाबद्दल भरपूर बोलतो. कौन्सेलर म्हणाल्या असत्या की हे टाळणं आहे, असेलही, पण आमचं बोलणं बंद पडलं होतं ते या कॉलमांमुळे सुरू झालं.

एक्सेलमधे फक्त डोनर आहेत. मुलांची नावं नाहीत, हे आम्ही ठरवून केलंय. मुलाचं पुढे काय झालं हे मी विचारत नाही. बरं झालं तर आई-बाप स्वतः फोन करतात, शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो पाठवतात. फोन आला नाही तर आला नाही. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की गावी गेले आणि नंबर बदलला, असं मी धरून चालते. नेहमी तसं नसतं हे मला माहीत आहे.

आता मला जे लिहायचं होतं ते. लोक म्हणतात, "बघ, तिच्यामुळे तुला आयुष्याचं काम सापडलं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिच्यामुळे नाही, ती गेली त्यामुळे, आणि हा सौदा मला कुणी विचारला असता तर मी जगातल्या सगळ्या प्लेटलेट्स वाहून जाऊ दिल्या असत्या. तिच्या जाण्यातून काही चांगलं निष्पन्न झालं असं मला म्हणायचं नाहीये. ते नुकसान नुकसानच आहे, त्याच्यासमोर लिहायला काही जमेची बाजू नाही. काम वेगळं आहे, ते त्याच्या शेजारी चालू असतं. फरक इतकाच की बुधवारी रात्री झोप आली नाही तर आता माझ्याकडे गुरुवारी सकाळी फोन करायची यादी असते. आणि त्या दोन वर्षांत आम्ही जे नको ते शिकलो, कुठली खिडकी कधी उघडते, कुठल्या फॉर्मला कुठला झेरॉक्स लागतो, पोराला उलटी होत असेल तर बर्फाचा खडा द्यायचा, ते सगळं ज्ञान घरात पडून सडलं असतं, ते कुणाच्यातरी उपयोगी पडतं. बास. याच्यापेक्षा मोठा शब्द मला वापरता येत नाही.

आणि ज्यांना नसेल करायचं त्यांनी नका करू हो. मुलगा गेल्यावर दादाराव बिल्होरे मुंबईच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवत फिरतात, २०१५ मधे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे त्यांचा प्रकाश गेला, भाजीचा व्यवसाय सांभाळून ते हे करतात, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण अशी उदाहरणं पेपरात येतात आणि मग घरी बसलेल्या आईला लोक म्हणायला लागतात, तूपण काहीतरी कर, मन रमव. मूल गेलेल्या माणसाने वर समाजाचं देणंही फेडायचं का? माझी एक ओळखीची आहे, तिचा मुलगा बाईकवर गेला, ती दिवसभर सिरियल बघते आणि संध्याकाळी देवळात जाऊन येते. ठीक आहे ना. तिला जमतंय तसं ती करतेय. माझ्याबद्दलही नातेवाईक बोलतातच, पोर गेली आणि ही गावभर फिरतेय म्हणून. डोहाळजेवणाला मला बोलवायचं की नाही यावर चर्चा होते हे मला कळतं, आणि मग उशिरा, घाईघाईने फोन येतो. मी जाते. ओटी भरायला मला पुढे करत नाहीत. मी मागे बसून फोनवर डोनर बघत असते.

ज्यांना खरंच सुरू करायचंय, आणि असे मेसेज मला येतात, त्यांच्यासाठी. पहिलं म्हणजे मुलाच्या नावाने फाउंडेशन काढायची घाई करू नका. आम्हालाही चार जणांनी सुचवलं होतं. चॅरिटी कमिशनरकडे नोंदणी, सात जणांच्या सह्या, दरवर्षी ऑडिट, मीटिंगची मिनिट्स, त्यात दोन वर्षं जातात आणि एकाही पेशंटला चहासुद्धा मिळत नाही. जिथे तुमचं मूल होतं किंवा जे हॉस्पिटल जवळ असेल तिथल्या समाजसेवा विभागात जा, आणि तुम्हाला काय करायचंय ते सांगू नका, त्यांना काय लागतंय ते विचारा. कदाचित ते म्हणतील डायपर, कदाचित बंगाली बोलणारा माणूस, कदाचित फाईली लावायला कुणीतरी. आमच्या ओळखीचे एक निवृत्त पोस्टमास्तर फक्त पेशंट लोकांचे फॉर्म भरून देतात, अक्षर सुंदर, आणि ओपीडीत त्यांच्यासाठी डॉक्टरांपेक्षा मोठी लाईन असते. आणि आठवड्याचा वार ठरवून घ्या, तोही एकच. ज्या महिन्यात मूल गेलं त्या महिन्यात सुट्टी घ्या. मी घेते, तेव्हा फोन माझी शाळेतली मैत्रीण बघते.

मुलगा आता अठराचा झाला. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मला न सांगता एसडीपी द्यायला गेला आणि परत पाठवला, वजन ४७. साधं रक्त ४५ ला चालतं, ते दे म्हणाले तर हा म्हणतो मला तेच द्यायचंय. तेव्हापासून घरात अंडी आणि केळी पुरत नाहीत. आजी म्हणते कॅन्टीनचं खाणं बंद कर आधी, तो म्हणतो जिम लावतो, बाप म्हणतो तुला सध्या पिवळ्यात ठेवलंय.

मे जवळ आलाय. गावाला जायची तिकिटं काढली असतील तर जायच्या आधी जवळच्या ब्लड बँकेत जाऊन एसडीपीसाठी नाव द्या, ते आधी सॅम्पल घेतात, काउंट आणि शीर बघतात, अर्ध्या तासाचं काम आहे. पोहे, उपमा काहीही, पण खाऊन जा.